रेड वाइनमधील हिरवा गंध : द्राक्षबागेतील डिसेंबरची नोंद

झाशी हे नाव उच्चारताच मराठी मनासमोर प्रथम किल्ला उभा राहतो. कृषी विस्ताराच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांना मात्र या शहराची आणखी एक ओळख आहे, ती चाऱ्याची. भारतीय गवताळ कुरणे व चारा संशोधन संस्था 1962 पासून तेथे कार्यरत आहे. चाऱ्याच्या कामात मुरलेल्या माणसाला एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. मुरघासाचा खड्डा उघडताच येणाऱ्या पहिल्या वासावरून तो बरेच काही ओळखतो. ताकासारखा आंबूस वास आला, तर काम साधले. खवट लोण्यासारखा वास आला, तर चारा ओला भरला गेला. करपलेल्या गुळाची किंवा तंबाखूची आठवण झाली, तर दाबताना हवा राहिली आणि ढीग आतून तापला. सामू मोजण्याचे काम नंतर होते. निदान नाकाने आधीच केलेले असते.

महाराष्ट्रातील द्राक्ष बागायतदाराने नाकाची ही सवय फारशी लावून घेतलेली नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही. खाण्याच्या द्राक्षाला आकार, रंग, गोडी आणि टिकाऊपणा यांवर भाव मिळतो. वासाला बाजारात किंमत नाही. वाइनच्या द्राक्षाचे गणित याच्या उलट आहे. तेथे मणी लहान असला तरी चालतो, किंबहुना लहानच हवा असतो. पण त्याच्या सालीत काय आहे यावर पुढच्या दोन-चार वर्षांची विक्री अवलंबून असते. तरीही वायनरीच्या दारात ट्रॅक्टर उभा राहिला की बहुधा ब्रिक्स मोजला जातो, घड निरोगी आहेत का हे पाहिले जाते, आणि वजन करून माल उतरवला जातो. आपल्या द्राक्षाची वाइन कशी झाली, हे अनेक बागायतदारांना कधीच कळत नाही. ती चाखून पाहण्याचा प्रश्नच येत नाही, असे माळकरीही त्यांच्यात पुष्कळ आहेत. अशा वेळी वाइन पिणाऱ्याने 'यंदाची जरा हिरवी वाटते' असा शेरा मारला, तर तो शेरा बागेपर्यंत पोचत नाही. वस्तुतः त्या शेऱ्याचा खरा पत्ता बागच असतो.

रेड वाइनमधील हा हिरवा गंध बहुतांशी एका संयुगामुळे येतो. आयसोब्युटाइल मेथॉक्सिपायराझिन हे त्याचे लांबलचक नाव. वायनरीत त्याला थोडक्यात 'पायराझिन' म्हणतात. 1969 मध्ये शास्त्रज्ञांना ते ढोबळी मिरचीत सापडले आणि 1975 मध्ये कॅबर्ने सॉव्हिन्यों या द्राक्षात. ढोबळी मिरची चिरताना जो वास दरवळतो, तो हाच. त्याच कुळातील दुसरे एक संयुग ओल्या वाटाण्याच्या शेंगांना त्यांचा वास देते. कॅबर्ने सॉव्हिन्यों, कॅबर्ने फ्रां, मर्लो, कारमेनेर आणि पांढऱ्यांपैकी सॉव्हिन्यों ब्लां या जातींत हा गंध आढळतो, आणि हा योगायोग नव्हे. कॅबर्ने सॉव्हिन्यों ही कॅबर्ने फ्रां आणि सॉव्हिन्यों ब्लां यांच्या संकरातून निपजलेली जात असल्याचे 1997 मध्ये कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे आनुवंशिक चाचणीने सिद्ध झाले. हिरवेपणा तिला दोन्हीकडून मिळालेला आहे. शिराझमध्ये मात्र हे संयुग नगण्य असते. त्यामुळे शिराझच्या बागेसाठी दिलेला सल्ला कॅबर्नेच्या बागेत जसाच्या तसा लागू पडेल असे धरून चालू नये.

या संयुगाची ताकद समजण्यास शेततळ्याचे उदाहरण सोयीचे पडेल. लाल वाइनमध्ये लिटरमागे साधारण 10 ते 15 नॅनोग्रॅम इतके प्रमाण झाले की बहुतेकांच्या नाकाला ते जाणवू लागते. 25 लाख लिटर पाणी मावणारे शेततळे वाइनने भरले आहे अशी कल्पना केली, तर त्या साऱ्या साठ्याला ढोबळी मिरचीचा वास येण्यास 25 ते 40 मिलिग्रॅम पुरतील. चिमटीत मावणाऱ्या मिठाहूनही हे वजन कमी आहे.

हिरवेपणाचे प्रकार

वाइनमधला प्रत्येक हिरवा वास मात्र पायराझिनचा नसतो, आणि येथेच चाखणाऱ्यांची व सल्ला देणाऱ्यांची गल्लत होते. नुकत्याच कापलेल्या गवताचा किंवा चुरडलेल्या पानाचा वास वेगळा. पान तुटले की त्यातील मेदाम्लांवर विकरांची क्रिया होऊन हेक्झेनॉल आणि त्याच्या भाईबंदांची निर्मिती होते. झाशीच्या कुरणांत कापणीच्या दिवशी दरवळणारा वास हाच. वाइनमध्ये तो येतो तेव्हा घडांबरोबर पाने आणि पानांचे देठ क्रेटमध्ये गेले असण्याचा किंवा माल कच्चा असण्याचा संशय घ्यावा. हा दोष तोडणीच्या टोळीला समज देऊन सुधारता येतो. त्यासाठी छाटणीची पद्धत बदलण्याचे कारण नाही.

तिसरा प्रकार निलगिरीचा. बागेच्या बांधावर निलगिरीची झाडे असली, तर त्यांच्या पानांतील तेलाचा अंश द्राक्षाच्या सालीवर बसतो. निलगिरीची पाने-साली घडांत अडकून टाकीत गेल्या, तर तो आणखी वाढतो. ऑस्ट्रेलियात यावर बरेच काम झाले आहे. काही ठिकाणी हा गंध त्या भागाची खूण म्हणून आवडीने स्वीकारला जातो. वारा अडवण्यासाठी बांधावर काय लावले आहे, ही बाब त्यामुळे वाइनच्या चवीतही मोजावी लागते.

शिराझमध्ये कधी कधी काळ्या मिरीचा स्पष्ट वास येतो. तो रोटंडोन या संयुगाचा असतो, हे 2008 मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवून दिले. थंड हंगामात तो अधिक असतो. ढोबळी मिरची आणि काळी मिरी यांच्या नावांत मिरची-मिरी असली, तरी वाइनमधील त्यांची मुळे अगदी भिन्न आहेत. चाखण्याच्या नोंदीत केवळ 'मिरीसारखे' असे न लिहिता कोणती मिरी ते लिहावे.

पुदिना, ओवा, टोमॅटोचे चुरडलेले पान, गवती चहा, तंबाखूचे पान हे शब्द मराठी नाकाला आपोआप सुचतात आणि ते वापरण्यास संकोच करू नये. परदेशी तक्त्यांतील काळ्या मनुकावर्गीय फळांची नावे ज्याने ती फळे पाहिलेलीच नाहीत त्याला पाठ करायला लावण्यात काही हशील नाही.

लेबलावरचे साल आणि वेलीचे साल

एकाच वायनरीची, एकाच जातीची, वेगवेगळ्या सालांची वाइन शेजारी शेजारी ठेवून चाखण्याची पद्धत युरोपात जुनी आहे. बोर्दोमध्ये 2003 सालचा उन्हाळा भाजून काढणारा होता, तर 2013 चा हंगाम थंड व ओला. या दोन सालांच्या बाटल्या समोर आल्या की चाखणारा त्या वर्षांचे हवामान आठवतो. तेथे हे सोपे आहे. वेल वसंतात फुटते, शरदात द्राक्षे उतरतात, सारे एकाच वर्षात घडते.

दख्खनच्या पठारावर तसे नाही. येथे वेल पूर्ण झोपी जात नाही, म्हणून वर्षात दोनदा छाटणी करावी लागते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात फळछाटणी झाली, तर स्थूलमानाने नोव्हेंबरच्या मध्यास फुलोरा, डिसेंबरात मणी हरभऱ्याएवढे, वर्षअखेर किंवा जानेवारीच्या आरंभी मण्यांत पाणी उतरणे, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणी. बाटलीवर साल छापले जाते ते तोडणीचे. म्हणजे 2020 सालच्या वाइनचा जन्म 2019 मध्येच झालेला असतो.

हे केवळ कॅलेंडरचे कोडे नाही. पायराझिन मण्यात साठते ते मणी लहान व कठीण असताना. पाणी उतरण्याच्या दोन-तीन आठवडे आधी ते कमाल पातळीला पोचते आणि त्यानंतर घटू लागते. नाशिकच्या हिशेबात हा काळ नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर. दिवस लहान, सूर्य खाली झुकलेला, आणि निफाडचा पारा कित्येक हिवाळ्यांत 5 अंशांच्याही खाली जातो. फेब्रुवारीच्या उन्हाने साखर भराभर चढते आणि ब्रिक्स समाधानकारक दिसतो. पण डिसेंबरात सालीत किती हिरवेपणा साठला होता आणि तो उतरण्यास किती दिवस मिळाले, याविषयी ब्रिक्समीटर मौन पाळतो. येथे बोर्दोचा आणि नाशिकचा मोठा फरक आहे. बोर्दोत द्राक्ष थंडीकडे जात पिकते, नाशिकमध्ये उन्हाकडे जात. साखर वाढते आणि आम्लता घसरू लागते, म्हणून तोडणीची घाई होते. सालीतील हिरवेपणा मात्र साखरेच्या वेगाने पळत नाही. भारतीय कॅबर्नेमध्ये ढोबळी मिरचीचा वास डोकावतो, त्याची एक संभाव्य मीमांसा ही आहे.

म्हणून महाराष्ट्रातील साले ताडून पाहताना मागच्या वर्षाचे शेवटचे तीन महिने आधी आठवावे लागतात. 2010 च्या लेबलामागे नोव्हेंबर 2009 मधील फयान चक्रीवादळाचा पाऊस आहे. 2016 च्या मागे 2015 चा अपुरा पावसाळा आहे. 2020 च्या मागे ऑक्टोबर-नोव्हेंबर 2019 चा अवकाळी पाऊस आहे, ज्याने नाशिक जिल्ह्यात केवडा, गळ आणि कूज यांनी बागायतदारांना हैराण केले होते. पावसाने पान वाढते, फांद्यांची गर्दी होते, घड सावलीत जातात, आणि सावलीतल्या घडात हिरवेपणा अधिक साठतो. उलट पाण्याचा ताण पडलेल्या वर्षी वेलीचा जोम आटोक्यात राहतो. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीचा प्रकार निराळा. ती थेट लेबलावरच्याच सालात झाली. मणी फुटले, पाने फाटली, आणि जेथे माल वाचला तेथे तो लवकर उतरवण्याची वेळ आली. अर्थात एका जिल्ह्यातही प्रत्येक बागेचा अनुभव वेगळा असतो. छाटणी पंधरा दिवस पुढे-मागे झाली की संकट एका बागेला गाठते आणि शेजारच्या बागेला सोडून देते. सालाविषयी सरसकट निवाडा देण्याचा मोह टाळलेलाच बरा.

पेले समोर मांडताना

विस्तार कार्यकर्त्यांनी वायनरीच्या सहकार्याने अशी तुलना घडवून आणली, तर बागायतदारांच्या गटाला तिचा उपयोग होईल. एकाच प्लॉटची, एकाच जातीची, तीन वा चार सालांची वाइन पुरे. बाटल्या कागदात गुंडाळून क्रमांक द्यावेत, कारण साल आधी कळले की नाक मताप्रमाणे वास शोधू लागते. वाइन 16 ते 18 अंशांवर असावी. मार्चमधील नाशिकच्या खोलीचे तापमान तिला मानवत नाही. गरम वाइनमध्ये मद्यार्काचा झोत पुढे येतो आणि बारीक गंध मागे पडतात. खोलीत उदबत्ती नको, शेजारच्या स्वयंपाकघरात कांदा परतणे नको. पेला न हलवता पहिला वास घ्यावा, नोंद करावी, मग हलवून पुन्हा घ्यावा. ज्यांना चाखायचे नाही त्यांनी केवळ वास घेतला तरी या कामापुरते भागते.

एक चकवा येथे आवर्जून सांगितला पाहिजे. जुनी बाटली नव्या बाटलीपेक्षा अधिक हिरवी वाटली, तर ते साल हिरवे होते असा निष्कर्ष लगेच काढू नये. पायराझिन बाटलीत फारसे कमी होत नाही. फळाचा ताजा गंध मात्र वर्षागणिक ओसरतो. पडदा विरळ झाला की मागचा हिरवेपणा उघडा पडतो. त्यातून बाटल्या पत्र्याच्या गोदामात उन्हाळे काढून आलेल्या असतील, तर फळ अधिकच लवकर विझते. ओकच्या पिंपात ठेवलेली वाइनही अशीच फसवते. लाकडाचा गंध हिरवेपणा झाकतो, नाहीसा करत नाही. म्हणून तुलनेच्या वेळी पिंपातील मुदत, साठवणूक आणि मिश्रणात अन्य जातींचे प्रमाण विचारून घ्यावे. ही माहिती नसेल, तर पेल्यातील फरकाचे श्रेय किंवा दोष बागेला देणे अन्यायाचे होईल.

आणि हिरवेपणा म्हणजे दोष, हे समीकरणही मनातून काढावे. फ्रान्समधील ल्वार नदीच्या खोऱ्यात कॅबर्ने फ्रांपासून होणाऱ्या शिनों या वाइनमध्ये हलका पानेरी गंध हवाच असतो. चिलीमध्ये मर्लो समजून वाढवलेल्या अनेक वेली प्रत्यक्षात कारमेनेरच्या आहेत, हे 1994 मध्ये ओळखले गेले. ही जात उशिरा पिकते आणि मर्लोबरोबर तोडली की तीव्र हिरवी लागते. योग्य वेळी तोडली की तोच गंध सौम्य होऊन तिची ओळख ठरतो. फळ, टॅनिन आणि आम्लता यांच्या जोडीला अंगात मुरलेला हिरवेपणा वाइनला टवटवी देतो. फळाचा पत्ता नसताना एकटा मिरवू लागला, टॅनिनही तुरट-कडवट लागले, की तो कच्चेपणा. गोडसर, शिजवलेल्या जांभळासारख्या वाइनपेक्षा किंचित पानेरी कॅबर्ने मराठी ताटाशी अधिक जुळते. पीठ पेरून केलेल्या ढोबळी मिरचीबरोबर ती घेऊन पाहणाऱ्यास याचा पडताळा येईल.

बागेतील निर्णय

नाशिकच्या बागायतदारापुढची खरी अडचण तंत्राची कमी आणि सवयीची जास्त आहे. खाण्याची द्राक्षे हिरवी राहावीत, मणी गुलाबी पडू नये म्हणून तो घडांना वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतो. पानांची सावली हे तेथे संरक्षण असते. त्याच माणसाला कॅबर्नेच्या प्लॉटमध्ये घड उघडे करा असे सांगितले की त्याचा हात अडखळतो. पण सावलीचा जो लाभ थॉमसनला, तोच कॅबर्नेला बाधक. मणी लहान असताना घडांवर पडलेला प्रकाश पायराझिनचा साठा कमी करतो. पाणी उतरल्यानंतर पाने काढून तेवढा लाभ मिळत नाही. पानांची विरळणी करायची तर ती फळधारणेनंतर लवकर, आणि उत्तर-दक्षिण ओळींत पूर्वेच्या बाजूने. सकाळचे ऊन मिळते, दुपारनंतरच्या उन्हाचा चटका टळतो. फेब्रुवारीत वायनरीच्या माणसाने बोट दाखवल्यावर केलेली पानकाढणी बहुधा उशिराची ठरते.

पाणी आणि नत्र यांचाही हिशेब याच अंगाने पाहावा. जोमदार खुंटावर, मुबलक ठिबकावर आणि सढळ नत्रावर वाढलेली वेल शेंडे थांबवत नाही, बगलफुटी काढत राहते, आणि घड पानांच्या गर्दीत बुडतात. 'कमी उत्पादन म्हणजे उत्तम वाइन' हे सूत्रही येथे तपासून घेण्याजोगे आहे. डेव्हिस येथे कॅबर्ने सॉव्हिन्योंवर झालेल्या व 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, छाटणीत अधिक डोळे राखून जास्त उत्पादन घेतलेल्या वेलींची वाइन अधिक फळगंधी आणि कमी हिरवी आढळली. कडक छाटणी करून उत्पादन घटवलेल्या वेलींची वाइन अधिक हिरवी. डोळे मोजकेच ठेवले की सारा जोम थोड्या फांद्यांत जातो. टनाला वाइनच्या दर्जाचा शत्रू मानणाऱ्या सल्लागारांनी वेलीच्या जोमाचा विचार त्या आधी करावा.

तोडणीपूर्वीची परीक्षा ब्रिक्समीटरच्या जोडीने दातांनी करावी. पायराझिन गरात जवळजवळ नसतेच. ते घडाच्या देठात, बियांत आणि सालीत असते. म्हणून रस चाखून हिरवेपणा कळत नाही. मणी तोंडात घेऊन गर गिळावा, साल बारीक चावावी, नाकातून श्वास सोडावा. ढोबळी मिरचीची आठवण झाली, तर वायनरीशी बोलून चार-सहा दिवस थांबण्याचा विचार करावा, आम्लता मोजूनच. बी तपकिरी झाले आहे का, चावल्यावर कुरकुरते का, हेही पाहावे. या परीक्षेत माळकऱ्याच्या नेमाला कोठेही बाध येत नाही. वायनरीत देठ नीट वेगळे झाले नाहीत, तर बागेतील सारे कष्ट वाया जातात. साल रसात राहू लागली की पायराझिन पहिल्या एक-दोन दिवसांतच उतरते, त्यामुळे पुढे हात आखडता घेऊन उपयोग नसतो. ही जबाबदारी बागायतदाराची नाही, हे कराराच्या बैठकीत स्पष्टपणे बोलले जावे. 2008-09 च्या मंदीनंतर नाशिक भागात वाइनची मागणी घसरली आणि अनेकांनी उभ्या बागा काढल्या. त्या पिढीला आपल्या मालात नेमके काय कमी किंवा जास्त होते, हे सांगणारी नोंद हाती नव्हती. छाटणीची तारीख, पानकाढणीची तारीख, पाणी उतरल्याची तारीख आणि तोडणीची तारीख एवढ्या चार ओळी वहीत असल्या, तर तीन सालांच्या पेल्यांसमोर बसलेला बागायतदार केवळ श्रोता राहत नाही.

आता पुन्हा झाशीकडे वळले, तर चित्र उलटे दिसते. उत्तर भारतात वेल हिवाळ्यात पूर्ण झोपी जाते. डिसेंबर-जानेवारीत एकच छाटणी, मार्चमध्ये फुटवे, आणि मेअखेर ते जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर, माल तयार. बुंदेलखंडात कोणी लाल वाइनसाठी कॅबर्ने लावण्याचा विचार केला, तर मणी लहान असतानाचा काळ तेथे एप्रिलच्या उन्हात येईल आणि पिकण्याचा काळ मेच्या होरपळीत. हिरवेपणा साठण्यास वाव कमी. पण तेवढ्या उष्णतेत मॅलिक आम्ल वेगाने जळते, रंगही फिका पडतो. तेथील वाइनमध्ये ढोबळी मिरची शोधावी लागणार नाही, आंबटपणा शोधावा लागेल. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची पुसा नवरंग ही गरातही रंग असलेली जात रसासाठी व रंगीत वाइनसाठी सुचवली जाते. उत्तरेच्या मैदानात लाल द्राक्षाचा प्रयोग करायचाच असेल, तर कॅबर्नेऐवजी तिच्यापासून आरंभ करणे अधिक सयुक्तिक ठरेल.